कॅनडाच्या साहित्यातले लांडगे, कोल्हे आणि कावळे: प्राणिकथा राष्ट्राची कशी होते?

प्रश्न असा आहे: कॅनडाच्या साहित्याचा इतिहास उघडला की वास्तववादी प्राणिकथेवर हमखास स्वतंत्र लिखाण सापडतं. लांडगा, कोल्हा, कावळा यांच्या गोष्टी तर मुलांच्या कपाटातल्या. त्यांना राष्ट्रीय साहित्यात एवढी जागा कशासाठी? आणि ती जागा त्यांना शोभते का?

या कथा मी अनेक वर्षं शिकवत आले आहे, काहींचे अनुवादही केले आहेत. माझं मत आधीच सांगून टाकते. जागा शंभर टक्के रास्त आहे. मात्र समीक्षकांनी ती ज्या कारणासाठी बहाल केली, ते कारण मला मान्य नाही. त्या कारणापायी कथेतला प्राणीच हरवतो.

वास्तववादी प्राणिकथा कशाला म्हणायचं, हे आधी स्पष्ट करते. पंचतंत्रातले करटक आणि दमनक नावाला कोल्हे आहेत. ते खरे राजदरबारातले मंत्री. कोल्हा बीळ कुठे करतो, पिलांना दूध किती दिवस पाजतो, थंडीत काय खातो, याच्याशी त्या कथेला काही देणंघेणं नाही आणि असायचं कारणही नाही. इसापाचं तेच, जातककथांचंही बरंचसं तेच. वास्तववादी प्राणिकथेत नायक प्राणी असतो आणि तो प्राणीच राहतो. त्याच्या जातीला जे शक्य आहे तेवढंच तो करतो. त्याला भूक, भीती, पिलं, ऋतू आणि शत्रू असतात. बहुतेक कथांत शेवटी तो मरतो. अर्नेस्ट थॉम्पसन सेटन यांनी आपल्या पहिल्या संग्रहाच्या सुरुवातीलाच ठासून सांगितलं होतं की रानातल्या प्राण्याच्या आयुष्याचा शेवट नेहमी शोकान्तच असतो.

हा कथाप्रकार आकाराला आला तो मुख्यतः दोन माणसांच्या हातून, आणि दोघंही १८६० सालचे. सेटन जन्मले इंग्लंडमध्ये, साउथ शील्ड्सला. १८६६ मध्ये कुटुंब कॅनडात आलं, आधी ऑन्टारिओतल्या लिंडसे या भागात आणि मग टोरोंटोला. ते शिकले चित्रकला, पण जीव अडकला प्राण्यांत. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या पक्ष्यांवर त्यांनी शास्त्रीय ग्रंथ लिहिला, प्राण्यांच्या शरीररचनेवर चित्रकारांसाठी पुस्तक केलं. दुसरे चार्ल्स जी. डी. रॉबर्ट्स. हे न्यू ब्रन्सविक प्रांतातले, टँट्रामारच्या खाऱ्या दलदलीच्या काठावर वाढलेले, आणि लौकिकानं आधी कवी. १८८० मध्ये त्यांचा पहिला कवितासंग्रह आला तेव्हा कॅनडा हे संघराज्य होऊन जेमतेम तेरा वर्षं झाली होती. म्हणजे एकाकडे निसर्गशास्त्रज्ञाची वही, दुसऱ्याकडे कवीचा कान. सेटन यांचा 'वाइल्ड ॲनिमल्स आय हॅव नोन' हा संग्रह १८९८ चा आणि रॉबर्ट्स यांचा 'द किंड्रेड ऑफ द वाइल्ड' १९०२ चा. या दुसऱ्या पुस्तकाला जोडलेल्या निबंधात रॉबर्ट्स यांनी या प्रकाराची व्याख्याही करून ठेवली: निसर्गविज्ञानाच्या सांगाड्यावर उभारलेला मानसशास्त्रीय रोमान्स, म्हणजे कल्पनारम्य कथा. शंभरावर वर्षं उलटली, पण याहून नेमकं मला अजून काही सापडलेलं नाही.

मुलांची पुस्तकं या आक्षेपाला व्याख्येनं उत्तर देता येत नाही, कथाच समोर ठेवावी लागते. रॉबर्ट्स यांची 'डू सीक देअर मीट फ्रॉम गॉड' ही १८९२ ची कथा घ्या. शीर्षक बायबलमधल्या स्तोत्रातलं आहे, भुकेले सिंहाचे छावे देवाकडे अन्न मागतात त्या ओळीतलं. कथेत प्यूमा या मोठ्या रानमांजराची एक जोडी आहे; तिथले लोक त्याला पँथर म्हणतात. गुहेत पिलं आहेत, शिकार मिळत नाही, उपासमार चालली आहे. रात्री रानातून एका लहान मुलाचं रडणं ऐकू येतं. वसाहतीच्या कडेला एका दारुड्याचं ओसाड पडलेलं झोपडं आहे. आपल्या सवंगड्याला शोधत एक मुलगा तिथे आला, झोपडं रिकामं, बाहेर अंधार, आणि परतायची भीती. प्यूमा आवाजाच्या रोखानं निघतात. त्याच वेळी बाजारहाट करून घरी चाललेला एक वसाहतकरी तेच रडणं ऐकतो. दारुड्याचं पोर रडत असणार, असं समजून तो आपल्या वाटेनं पुढे जातो. घरी जेवण वाट पाहत आहे. मग मन खातं. वळतो. प्यूमांना मारतो, आणि आत जाऊन पाहतो तर मूल त्याचं स्वतःचंच.

कुठल्याही साहसकथेचा शेवट इथेच झाला असता. वाचक सुटकेचा श्वास टाकून पुस्तक मिटता. रॉबर्ट्स मात्र काही आठवडे पुढे जातात. तोच माणूस आपल्या मेंढ्या मारणाऱ्या अस्वलाचा माग काढत एका घळीतल्या गुहेत शिरतो. आत वाळक्या गवतावर प्यूमाची दोन पिलं मरून पडलेली असतात, कुजायला लागलेली. कथा तिथे थांबते. तो काय म्हणाला, त्याला काय वाटलं, यावर एक अक्षर नाही.

आता मागे वळून बघा, लेखकानं काय केलं आहे. प्यूमा निघाले त्याच वेळी निवेदक आपल्याला बजावतो की या जनावरांना क्रूर म्हणणं अविचाराचं होईल. ती भुकेली आहेत आणि ती हरली तर त्यांची पिलं मरतील. वाचताना हे वाक्य आपण जवळजवळ ओलांडून जातो, कारण मूल रडत असतं आणि आपला जीव तिकडे असतो. शेवटच्या परिच्छेदात त्या वाक्याची वसुली होते. दोन बापांनी आपापल्या पिलांसाठी धाव घेतली, एकाची पिलं जगली. 'जीवो जीवस्य जीवनम्' आपण सहज म्हणून जातो. इथे त्याची किंमत दोन्ही बाजूंनी मोजायला लावली आहे, आणि तीही आपण एका बाजूचे होऊन गेल्यावर. हे मुलांनी वाचू नये असं मी म्हणणार नाही. पण ही प्रौढ माणसाच्या नीतिबुद्धीला थेट भिडणारी कथा आहे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात इतकी अलिप्त कथा लिहिणारे फार नव्हते.

सेटन यांची ताकद वेगळी. ते व्यक्ती उभी करतात. 'सिल्व्हरस्पॉट' हा टोरोंटोतल्या कॅसल फ्रँक या टेकाडावरचा कावळा. सेटन पुलावर उभे राहून त्याचं येणंजाणं पाहत. नुसते उभे असले तर तो बेफिकीर जायचा, काठी रोखली तर धोक्याचा आवाज देऊन वर चढायचा, बंदूक दिसली तर त्याहून वेगळी हाक. कावळ्याच्या या हाका सेटन यांनी पाश्चात्त्य संगीताच्या स्वरलिपीत, पाच रेघांवर, पुस्तकात छापल्या आहेत. अनुवाद करताना त्या रेघा तशाच ठेवाव्यात असा मी कायम आग्रह धरते. त्या काढून 'काव काव' घातलं की कथेचा कणाच जातो, कारण कावळ्याचे सगळे आवाज एकच नसतात हेच तर ती कथा सांगते. हा कावळा शिंपले, खडे आणि चिनीमातीच्या कपाचा एक कान जमवून पुरून ठेवतो आणि ते उकरून बघत बसतो. एका रात्री घुबड त्याला मारतं.

'रेडरफ' ही डॉन नदीच्या खोऱ्यातल्या एका ग्राउस पक्ष्याची कथा, हा तित्तिराच्या जवळचा रानपक्षी. नर पडलेल्या ओंडक्यावर उभा राहून पंख असे झोडपतो की ढोल घुमल्यासारखा आवाज निघतो. कथेत एक शिकारी त्याचं कुटुंब एकेक करून संपवतो आणि शेवटी रेडरफ फासात अडकून लटकत राहतो. इथे सेटन अलिप्तता सोडतात आणि सरळ विचारतात, रानातल्या जिवांना काही नैतिक वा कायदेशीर हक्क नाहीत का? केवळ आपली भाषा बोलत नाही म्हणून एखाद्या जिवाला इतका वेळ यातना द्यायचा अधिकार माणसाला कुणी दिला? कलेच्या दृष्टीनं ही जागा कच्ची आहे, हे मी मान्य करते. पण हा प्रश्न १८९८ मध्ये छापला गेला आहे. अमेरिका आणि कॅनडाच्या वतीनं ब्रिटन यांच्यातला स्थलांतरित पक्ष्यांच्या रक्षणाचा करार व्हायला १९१६ उजाडलं. त्याच्या दोन वर्षं आधी, १९१४ मध्ये, जगातला शेवटचा प्रवासी कबुतर पिंजऱ्यात मेला होता.

आता त्या काळातल्या भांडणाकडे येते, कारण त्याशिवाय या प्रकाराची खरी अडचण कळत नाही. मार्च १९०३ मध्ये जॉन बरोज या अमेरिकेतल्या मान्यवर निसर्गलेखकानं 'अटलांटिक मंथली'त लेख लिहून सेटन आणि इतरांवर खोट्या निसर्गशास्त्राचा आरोप केला. १९०७ मध्ये तर राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट स्वतः या वादात उतरले. 'नेचर फेकर्स', म्हणजे निसर्गाच्या नावानं बनावट गोष्टी रचणारे, हा शब्द तेव्हाच रूढ झाला. देशाचा प्रमुख प्राणिकथांच्या खरेपणावर हिरिरीनं भांडतो आहे, हे आज नवल वाटावं असंच.

बरोज यांचं म्हणणं सगळंच चुकीचं नव्हतं. सेटन यांच्या 'स्प्रिंगफील्ड फॉक्स'मध्ये कोल्हीण कुत्र्यांना चकवायला मेंढीच्या पाठीवर उडी मारते. साखळीनं बांधलेल्या आपल्या पिलाला सोडवता येत नाही म्हटल्यावर तीच त्याला विषारी आमिष आणून देते. ते विष आहे हे तिला ठाऊक आहे, असं कथा सुचवते. कथा म्हणून ती अंगावर येते. निसर्ग म्हणून ती टिकत नाही. कोल्हिणीच्या डोक्यात 'गुलामीपेक्षा मरण बरं' हा विचार घालणारा माणूस आहे, आणि तो विचारही त्या काळच्या माणसांना आवडणारा आहे. सेटन यांनी प्रस्तावनेत सांगितलंच होतं की काही नायकांच्या नावावर त्यांनी त्यांच्या जातीतल्या एकाहून अधिक प्राण्यांचे अनुभव घातले आहेत. अनुभव गोळा करायला माझी हरकत नाही. हेतू उसना देण्याला आहे. रॉबर्ट्स या बाबतीत अधिक सावध. 'रेड फॉक्स' या १९०५ च्या कादंबरीत ते आधीच स्पष्ट करतात की हा एका विशिष्ट कोल्ह्याचा जीवनवृत्तान्त नाही, त्या जातीचा तेजस्वी प्रतिनिधी आहे.

नव्या लेखकांची हस्तलिखितं वाचताना मी हेच पाहते. प्राण्याला दिलेलं क्रियापद तपासून बघा. 'थबकली', 'कान टवकारले', 'माग सोडला' ही क्रियापदं डोळ्यांना दिसतात. 'ठरवलं', 'पश्चात्ताप झाला', 'सूड घ्यायचा होता' ही आली की लेखकानं कातडं पांघरलं असं समजावं. मधला पट्टा मात्र फार मोठा आहे: आठवलं, वाट पाहिली, शोक केला. इथेच खरं लेखन आहे. शोकाला आता शास्त्रज्ञही साफ नकार देत नाहीत, पण तो कसा दिसतो हे लेखकाला प्राण्याच्या अंगावरून दाखवता आलं पाहिजे.

सेटन यांनी बरोज यांना उत्तर दिलं ते आपल्या कामातून. १९०९ मध्ये मॅनिटोबाच्या सस्तन प्राण्यांवर दोन जाडजूड खंड आले, आणि पुढे १९२५ ते १९२८ या काळात 'लाइव्ह्ज ऑफ गेम ॲनिमल्स'चे चार. पण कथांचं नाव त्यानंतरही काही काळ बट्ट्यातच राहिलं. समीक्षकांनी त्यांना मुलांच्या कपाटात सरकवून दिलं, तिथून बाहेर काढलं १९७२ साली.

त्या वर्षी कॅनडाच्या लेखिका मार्गारेट ॲटवूड यांचं तिथल्या साहित्यावरचं 'सर्व्हायव्हल' हे समीक्षेचं पुस्तक आलं आणि त्याच वर्षी जेम्स पोक यांचा प्राणिकथा आणि राष्ट्रीय अस्मिता यांवरचा लेख. कॅनडाचं स्वतःचं असं साहित्य आहे का, हा प्रश्न तेव्हा तिथे ऐरणीवर होता. ॲटवूड यांची मांडणी थोडक्यात अशी: इंग्रजांच्या प्राणिकथांत माणसांचे सामाजिक संबंध असतात, अमेरिकनांच्या कथांत माणूस प्राण्याला मारतो, आणि कॅनडाच्या कथांत प्राणी मारला जातो व ते मरण पिसांच्या, केसाळ कातड्याच्या आतून जाणवतं. म्हणजे हा छळला जाणारा, कसाबसा तगून राहणारा प्राणी म्हणजे खुद्द कॅनडा. आधी ब्रिटनच्या, मग अमेरिकेच्या सावलीतला.

ही मांडणी देखणी आहे, तिनं या कथांना पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली, याबद्दल ॲटवूड यांचे उपकारच मानायला हवेत. पण तिच्यात मोठा घोळ आहे. सेटन यांची सगळ्यात गाजलेली कथा 'लोबो' घडते न्यू मेक्सिकोत, करम्पॉच्या खोऱ्यात. ती पहिल्यांदा छापली गेली १८९४ मध्ये न्यूयॉर्कच्या 'स्क्रिब्नर्स' मासिकात. लोबोला संपवायला गेलेला माणूस म्हणजे खुद्द सेटन. लोबोची जोडीदारीण ब्लँका सापळ्यात सापडते, तिला मारलं जातं, तिच्या वासावर आलेला लोबो चारही पाय सापळ्यांत अडकून पडतो आणि बांधलेल्या अवस्थेत रात्रीतून मरतो. हे सगळं सांगणारा बळी पडलेला नाही, तो सापळा लावणारा आहे. कथेतली कळ तिथूनच उठते. या कथेत लांडग्याच्या जागी राष्ट्र बसवलं की मारणारा हात दिसेनासा होतो. रॉबर्ट्स यांच्या कथेतही मेलेली पिलं म्हणजे कॅनडा असं म्हटलं, तर त्यांना मरण देणारा वसाहतकरी कोण? तोही कॅनडियनच की.

आणखी एक गोष्ट या मांडणीतून निसटते. या खंडावर प्राण्यांच्या कथा सेटन-रॉबर्ट्स यांच्या आधी हजारो वर्षं सांगितल्या जात होत्या. मूळनिवासी समाजांच्या परंपरेत रेव्हन (डोमकावळा), कोयोटी (लांडग्याचा लहान भाऊबंद), ससा हे नातलग आहेत, फसवे आहेत, जग घडवणारे आहेत. तिथे प्राणी 'व्यक्ती आहे का' हा प्रश्नच उद्भवत नाही. सेटन यांनी जे नव्यानं सिद्ध करायचा आटापिटा केला, ते त्यांच्या शेजाऱ्यांना कधीपासून ठाऊक होतं. छळल्या गेलेल्या प्राण्यात स्वतःला पाहणारं राष्ट्र त्याच वेळी दुसऱ्यांची जमीन घेत होतं, हे धरूनच या कथा आज वाचायला हव्यात. कॅनडाचं अधिकृत चिन्ह १९७५ पासून बीव्हर हा ओढ्यांवर बांध घालणारा प्राणी आहे, आणि त्याच बीव्हरच्या कातड्याच्या व्यापारासाठी १६७० मध्ये हडसन्स बे कंपनी स्थापन झाली होती. रूपक आणि वास्तव यांच्यातलं अंतर एवढं मोठं असू शकतं.

मग राष्ट्रीय साहित्यात जागा कशासाठी? माझ्या मते, त्या भूमीची नेमकी ओळख या कथांनी आधी करून दिली म्हणून. वसाहतीतला लेखक बहुधा दूरच्या मायदेशाच्या डोळ्यांनी नवी जमीन पाहतो. प्राण्याच्या नजरेतून कथा सांगायची म्हटली की ती सोय उरत नाही. ग्राउसला वसंत म्हणजे इंग्रजी कवितेतला वसंत नसतो. त्याला कोणत्या आठवड्यात कोणती बेरी पिकते, बर्फावर पापुद्रा कधी धरतो आणि त्याखाली झोपलेला पक्षी कधी अडकून पडतो, हे ठाऊक असावं लागतं. ते लेखकाला आधी ठाऊक असावं लागतं. डॉन खोऱ्यातली ती दरी, तो ओंडका, कॅसल फ्रँकचे पाइन, हे सगळं टोरोंटोच्या वाचकाच्या पायाखालचं होतं. 'रेडरफ'च्या शेवटी सेटन सांगतात की त्या घळीतला ढोल वाजवायचा ओंडका आता वापराविना कुजून गेला आहे. एका वाढत्या शहरानं काय गमावलं याची ही पहिल्या काही नोंदींपैकी एक आहे, आणि ती नाव-गावासकट आहे.

या परंपरेत माझ्या लेखी सगळ्यात पूर्णत्वाला गेलेलं पुस्तक फ्रेड बॉड्सवर्थ यांचं 'लास्ट ऑफ द कर्ल्यूज', १९५५ चं. एस्किमो कर्ल्यू या पाणथळीतल्या पक्ष्याचा एक नर आर्क्टिकच्या टुंड्रावर मादीची वाट पाहतो, मग दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत जातो, तिथे त्याला मादी भेटते, दोघं परत उत्तरेला निघतात आणि वाटेत प्रेअरीतल्या नांगरटीवर एक शेतकरी तिला गोळी घालतो. नर एकटा टुंड्रावर पोचतो आणि पुन्हा वाट पाहू लागतो. पक्ष्याला नाव नाही. त्याच्या मनात शब्द नाहीत. दरम्यान जुन्या शास्त्रीय नोंदींचे उतारे येतात, या पक्ष्यांचे थवे कसे होते आणि बाजारासाठी ते कसे मारले गेले याचे. सेटन भावना ओततात तिथे बॉड्सवर्थ नोंद ठेवतात, आणि परिणाम दुपटीनं होतो. बरोज यांना या पुस्तकात बोट ठेवायला फार जागा मिळाली नसती. पुस्तक आल्यानंतर १९६२ मध्ये टेक्ससमधल्या गॅल्व्हेस्टनला या पक्ष्याचे फोटो घेतले गेले, १९६३ मध्ये बार्बाडोसला एक मारला गेला. त्यानंतर पक्का पुरावा नाही.

कॅनडाचेच लेखक फार्ली मोवॅट यांच्या लांडग्यांवरच्या 'नेव्हर क्राय वुल्फ'बद्दल (१९६३) थोडक्यात. लांडग्याविषयी लोकांचं मत बदलायला त्या पुस्तकानं मोठा हातभार लावला, पण वस्तुस्थिती म्हणून जे सांगितलं त्यात कल्पिताची भेसळ आहे, असं जीवशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. मी ते कथा म्हणूनच शिकवते.

आपल्याकडे काय, असंही या प्रश्नाच्या पोटात आहेच. मराठीत व्यंकटेश माडगूळकर यांचं 'सत्तांतर' आहे, १९८२ चं, पुढच्याच वर्षी साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं. वानरांच्या टोळ्या, नराचं राज्य उलथणं, नव्या नायकाकडून पिलांची हत्या. शीर्षकामुळे पुष्कळ वाचक त्याकडे थेट राजकारणाचं रूपक म्हणून धावतात. पण लंगुरांमधली ही पिलांची हत्या सुगियामा या जपानी संशोधकानं १९६० च्या दशकात धारवाडजवळच्या रानात नोंदवली होती. ते वानरांचं खरं आयुष्य आहे. 'सत्तांतर' आधी वानरांचं पुस्तक म्हणून वाचलं तर ते कितीतरी अधिक भयंकर आणि अधिक सुंदर होतं. माणसाचं राजकारण मग आपोआप आठवतं, त्यासाठी वानराला बाजूला सारावं लागत नाही. कॅनडाच्या समीक्षेनं १९७२ मध्ये जी घाई केली तीच आपण या पुस्तकाच्या बाबतीत करत आलो आहोत.

वाचायला सुरुवात करायची असेल तर रॉबर्ट्स यांची प्यूमाची कथा आधी घ्या, ती तासाभरात होते. मग बॉड्सवर्थ. सेटन त्यानंतर, आणि 'रेडरफ' व 'सिल्व्हरस्पॉट' आधी, 'लोबो' शेवटी. पहिल्या दोन पुस्तकांनी डोळा तयार झाला की सेटन कुठे पाहतात आणि कुठे कल्पना करतात हे तुम्हाला ओळीओळीला दिसेल. 'सर्व्हायव्हल'मधलं प्राण्यांवरचं प्रकरण जरूर वाचा, पण हे सगळं झाल्यावर.